नल्लकुंट्यातली वासनेची चौकशी

नल्लकुंटा, हैदराबाद
कोजागिरीनंतरचा सोमवार

तीर्थस्वरूप कुसुमताईंना जयवंताचा लांबूनच दंडवत. (पाया आता सहा फुटांवरून पडायचे, असा नियम निघाला आहे. आशीर्वादालाही तेवढं अंतर चालत असावं, असं मी धरून चालले आहे.) तुमचा दमा कसा आहे? गुडघ्याला तेल लावता ना? उदगीरला थंडी पडली असेल तर पहाटेची आरती घरातच करा, देव समजून घेतो. इकडे तुमचे भाऊ ठीक आहेत.

पत्र कशाला, फोन मोडला का, असं तुम्ही म्हणाल. फोन धड आहे, पण तुमच्या भावाच्या कानांपायी तो कायम मोठ्या आवाजावर असतो. "बस सुरू झाल्यात, भाऊबीजेला येतेच मी" असं तुम्ही म्हणालात ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं. तेव्हापासून हे रोज दाढी करतात. त्यांच्यासमोर मला काही बोलता येईना. माहेरवाशिणीला येऊ नका म्हणणारी भावजय आपल्या घराण्यात झाली नाही, आणि ते पाप मी माझ्या डोक्यावर घेणार नाही. मी फक्त इथला हालहवाल कळवते. तुमचं तुम्ही ठरवा.

तर इथे आम्ही सध्या माणसात नाही, धुण्यात आहोत. दुधाची पिशवी साबणानं धुवायची, कोथिंबीर मिठाच्या पाण्यात, नोटा इस्त्रीखाली. (एक दहाची जळाली. ती खर्चात कोणत्या नावानं टाकावी ते कळेना, शेवटी 'देवाधर्माला' म्हणून टाकली.) भाजीची बंडी खाली आली की आम्ही गच्चीतून दोरीनं टोपली सोडतो आणि तीन मजले ओरडून भाव करतो. समोरच्यांनी सत्यनारायणाचा प्रसाद पाठवला तेव्हा मी पेचात पडले. प्रसाद नाकारायचा नाही आणि बाहेरचं काही धुतल्याशिवाय घ्यायचं नाही. शेवटी लाडू नळाखाली धरला. ताई, लाडू धुतला जात नाही हो. चाळणीत नुसती बुंदी राहिली. ती आम्ही डोळे मिटून, हात जोडून खाल्ली. तुमचे भाऊ म्हणाले, "मीठ कमी आहे उसळीला."

ह्यांची दुसरीच परेशानी. ह्यांना थोडं कमी ऐकू येतं एवढंच आपल्याला माहीत होतं ना? मास्क आल्यावर कळलं की कितीतरी वर्षं ते लोकांची तोंडं बघूनच ऐकत होते. आता सगळ्या जगाचं तोंड झाकलं, आणि हे बाहेर पडले की पाण्यात बुडाल्यासारखे बघतात. औषधाच्या दुकानात त्यांनी बीपीच्या गोळ्या मागितल्या, दुकानदारानं काहीतरी विचारलं, हे "हौ हौ" म्हणाले, आणि घरी लहान मुलाचे लंगोट घेऊन आले. मी हसले. नंतर मोरीत जाऊन रडले. ह्यांना एकट्याला गाडीतून कुठे नेलं तर तिथे कोण काय विचारतंय, हे त्यांना कळणार कसं?

कारण दवाखान्याची गाडी येते, ताई. गल्लीच्या टोकाचे पोस्टातले रिटायर रेड्डीगारू, त्यांना नेलं. त्यांची चप्पल दारातच राहिली. कोणी शिवेना, कोणी उचलेना. मी गच्चीत तुळशीला पाणी घालताना तिकडे बघायचं नाही असं ठरवते आणि रोज आधी तिकडेच बघते.

अशात मागच्या आठवड्यात आरोग्य खात्याची भामा नावाची पोरगी दारोदार चौकशी करत आली. तोंडावर काच, हातात कागद. माझी तेलुगू तुम्हाला माहीत आहे, इतकी वर्षं काढली तरी कोथिंबिरीच्या जुडीपलीकडे गेली नाही. तिनं फाटकातून विचारलं, अंकुलना, म्हणजे आमच्या ह्यांना, जरम आहे का, म्हणजे ताप. मी म्हटलं, लेदु, नाही. दग्गु, म्हणजे खोकला? लेदु. मग ती खणखणीत आवाजात म्हणाली, "वासना वस्तुंदा?" म्हणजे वासना येते का?

ताई, मी पदर सावरला. बहात्तर वर्षांच्या माणसाबद्दल भर रस्त्यात असं विचारायचं? पण सरकारी बाई, खोटं कसं सांगू? शिवाय मनात आलं की साधुसंत काही उगीच सांगून गेले नाहीत, रोगाचं मूळ त्यातच असेल आणि सरकारला आत्ता कळलं असेल. म्हणून मी थोड्या अभिमानानंच सांगितलं, "लेदु अम्मा. पूर्ण लेदु. देवाची कृपा." ती दचकली. "एन्नि रोजुलु?" किती दिवस झाले? मी म्हटलं, "दिवस नव्हे गं, वर्षं! दहा तरी." तिनं काचेआडून माझ्याकडे बघितलं. "मीकु?" म्हणजे तुम्हाला? मी म्हटलं, "मला तर कधी नव्हतीच. माळकरी घराण्यातली मी." मग ती म्हणाली, "रुचि?" मी म्हटलं, "भजनात!"

तिनं भराभरा काहीतरी लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी दोघांनी बस्तीच्या दवाखान्यात यायचंच, असं बजावून गेली.

त्या रात्री मी ह्यांच्या पिशवीत पंचा, गोळ्या, जपमाळ भरली. एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'ह्यांना ऐकू येत नाही, कृपया मास्क काढून बोलावे.' मग लक्षात आलं, ह्यांच्याशी मास्क काढून कोण बोलेल? पुठ्ठा फाडला. सकाळी एकही ऑटोवाला घेईना, चालत गेलो. रांगेत उन्हात उभे. डॉक्टर हिंदी बोलणारे निघाले. कागद बघून म्हणाले, "दस साल से बू नहीं आती आप को?" आणि तिथे, उभ्या रांगेत, माझ्या डोक्यात उजेड पडला की तेलुगूत वासना म्हणजे नुसता वास, आणि रुचि म्हणजे तोंडाची चव! मी भिंतीकडे तोंड केलं. हे विचारतात, "काय झालं? काय म्हणतात?" काही नाही म्हटलं तर ऐकेनात. शेवटी मला ओरडून सांगावं लागलं, "तुमची वासना गेली असं मी सांगितलं होतं!" रांगेतली निम्मी माणसं मराठी निघाली, ताई. हैदराबादेत एरवी दिवा घेऊन शोधलं तर सापडत नाहीत.

तुमचे भाऊ रुसून म्हणाले, "मला विचारायचं तरी."

नाकात काडी घालून बसवून ठेवलं. मी बसल्या जागी जप करत होते, पण ओठांवर देवाऐवजी ती चप्पलच येत होती. शेवटी ह्यांच्या नावाचा पुकारा झाला, तातेराव, निगेटिव. मी साखर बोलले होते मारुतीला, ती वाटली (दुरून, कागदात बांधून). मग आम्ही घरी आलो.

असं आहे सगळं. घर तुमचंच आहे. ओवाळणं फोनवरही होतं म्हणतात, पण मी काही सुचवत नाही.

तुमची भावजय,
जयवंता

ता.क. हे पत्र हातात घेण्याआधी दोन तास कडक उन्हात ठेवायचं होतं. हे वर लिहायला हवं होतं, पण वर जागा राहिली नाही आणि नवा कागद मागायला नको वाटलं. आता हात धुवा.

ता.क. दुसरा. येऊ नका, ताई. पाया पडते. काडी माझ्याही नाकात घातली होती. माझा पुकारा ह्यांना ऐकू आला नाही, मला आला. मी मागच्या खोलीत आहे, दार बंद. हे म्हणतात, कुसुमला काही कळवू नकोस, भाऊबीजेपर्यंत तू बरी होशील. बोटाच्या चिमट्यातला ऑक्सिजनचा आकडा मी दाराआडून ओरडून सांगते, तो दोन वाढवून. (आयुष्यात हिशेबात पहिल्यांदाच असं केलं.) भामाला मात्र फोनवर खरा सांगते. गाडी लागली तर तीच आणेल, पोरगी चांगली आहे. लेकीला, तेजश्रीला, सांगितलेलं नाही. ती बंगळूरहून लेकराला घेऊन निघेल.

ता.क. तिसरा, आणि हेच मुख्य. ह्यांना स्वयंपाक येत नाही. वरणाच्या नावाखाली काय आत सरकवतात ते देवालाच ठाऊक, आणि मी ओरडून सांगायला गेले की धाप लागते. तुम्ही रोज सकाळी फोन करून त्यांना सांगत जा, डाळ किती, पाणी किती. पण जयवंता कशी आहे, हे विचारू नका. फोन मोठ्या आवाजावर असतो, मला आतून सगळं ऐकू येतं, आणि "ठणठणीत आहे" म्हणताना त्यांचा आवाज फुटतो. तुम्ही आपलं मिठाचं बोला.