बॅटरीचं पाणी

सुरत,
९ फेब्रुवारी २०२५

ती. उज्ज्वलाताईस,
शि. सा. नमस्कार. मी बरी आहे. तुम्हीही बरे असाल असं धरून चालते, कारण फोन तू उचलत नाहीस. तुझं पांडेसरा इथून रिक्षाने अर्धा तास, आणि मी होस्टेलवर बसून तुला पत्र लिहितेय! काय म्हणावं या प्रकाराला?

आईचं तेच चाललंय, मी गॅसचं काम करते म्हणून सगळ्यांना सांगणं. गेल्या रविवारी गेले तर शेजारच्या शोभाबाई शेगडीचा रेग्युलेटर घेऊन दारात हजर. म्हणे, मालतीबाई म्हणाल्या पल्लवी गॅसमध्ये आहे. किती वेळा सांगू गं? बरं, तुलाही एकदा नीट सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. अणुभट्टीचा कचरा पोलादी डब्यात घालून जमिनीत खूप खोल पुरायचा आणि डब्याभोवती एक खास माती ठासायची. ती पाणी पिऊन फुगते आणि सगळ्या फटी बुजवते. पण पोलाद गंजतं, त्यातून गॅस होतो, आणि तो मातीतून कधी, कुठून वाट काढेल याचं गणित मी कॉम्प्युटरवर मांडते. मग लॅबमध्ये खऱ्या मातीत गॅस सोडून गणित खरं की खोटं ते बघते. झालं. शेगडीचा काही संबंध नाही.

दिवाळीआधी गणित आणि माती पहिल्यांदा जुळली. सर खूश, आईने चाळभर पेढे वाटले, तूही नाचलीस. आता ते सगळं ओम फस् झालंय.

दाजींच्या पाण्याच्या जारची कॉलेजची ऑर्डर बंद केली ती स्टोअरवाल्यांनी. त्यांना विचार. माझ्यावर का डाफरतेस? होस्टेलचे जारही बंद झाले, त्यात मी काय करणार?

नाही, थांब. असं लिहून नाही चालायचं.

आमचं पाणी शुद्ध करायचं यंत्र बिघडलं होतं, तेव्हा मीच दाजींना म्हटलं, बॅटरीत घालतात तसलं पाणी द्या, त्यात क्षार नको. त्या पाण्यात माती भिजवली आणि गणित जुळलं. यंत्र दुरुस्त झाल्यावर तीच चाचणी पुन्हा केली, तर गॅस हटून बसला! दाब वाढवत गेले तरी वाट काढेना. महिनाभर मी वेड्यासारख्या नळ्या बदलल्या, आकडे तपासले, सरांची बोलणी खाल्ली. शेवटी दाजींच्या उरलेल्या जारमध्ये मीटर बुडवला. क्षारच क्षार. तसल्या पाण्यात ती माती पुरती फुगत नाही, गॅस लवकर सुटतो. माझं गणितच चुकीचं होतं, आणि त्या पाण्याने ते खरं ठरवलं.

दाजींना विचारलं तर हसून म्हणाले, "मन्ही साळीना कॉलेजले बॅटरीनं पानी देऊ? लोके काय म्हनतीन!" मुद्दाम पिण्याचं दिलं त्यांनी, गोडी यावी म्हणून बोअरचं थोडं मिसळून. एक नंबरचा माल! यावर माणसाने रागवायचं तरी कसं?

सर म्हणाले, "एमां शुं, त्यात काय? एक चाचणी तर आहे. हजारो वर्षांनी तपासायला कोण येणार?" अहो, कोणी येणार नाही म्हणूनच तर आत्ता खरं सांगायचं ना! म्हणून रिपोर्टमध्ये मीच लिहून दिलं, चाचणी रद्द, पाणी बाहेरचं, अमुक पुरवठादाराचं. स्टोअरने ते वाचलं. फोन बंद करण्याआधी तू विचारलंस, नाव घ्यायची काय गरज होती? चाचणीत जे घातलं ते कुठून आलं, हे लिहावंच लागतं, ताई. माझी पीएचडी पुन्हा पहिल्यापासून, आणि दाजींचं होस्टेलचं गिऱ्हाईक गेलं. तू रागाव. तुला हक्क आहे.

पण एक तुला ठाऊक नाही. काल सकाळी दाजी लॅबमध्ये आले होते. खांद्यावर जार, तीन मजले चढून, शर्ट घामाने चिकटलेला. म्हणाले, "आता बॅटरीनंच शे. मोजी ले." मी मोजलं. खरंच स्वच्छ होतं, एकदम हवं तसं. आणि सगळ्या मुलांसमोर मला म्हणावं लागलं, दाजी, बाहेरचं पाणी आता घेता येत नाही. ते "बरं बरं" म्हणाले, जार पुन्हा खांद्यावर घेतला आणि उतरले. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

घरी त्यांनी सचिन गावाला माल द्यायला गेलो होतो असं सांगितलं असेल. जाताना तसंच म्हणाले, "उज्ज्वलाले सचिन सांगसू." तर ते सचिनलाच गेले होते असं धर. हे वाचलंस ते त्यांना कळू देऊ नकोस.

माझ्याशी नको बोलूस हवं तर. पण त्यांच्याशी बोल.

या वेळी तुझी बाजू न घेतलेली, आणि तरी तुझीच,
पल्लवी