डबा रिकामा येतो

६ जुलै २०२५, रविवार
अमरावतीला कठोरा नाक्याजवळ श्रेयसची खोली ठरली. वरचा मजला, एक खोली, ओटा, बाहेर लहान गॅलरी. रूममेट दोन: परतवाड्याचा शिवम, रिद्धपूरचा पियुष. तिघेही बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. मी अॅग्रीमेंट दोनदा वाचलं आणि काही मुद्द्यांवर खुलासा मागितला. घरमालकीण सुभद्राबाई म्हणाल्या, "भाऊ, राहनार पोरगं हाय का तुमी?" श्रेयस गॅलरीत जाऊन उभा राहिला.
ठरवलं: ढवळाढवळ करायची नाही. तो आता मोठा झाला.

१३ जुलै, रविवार
सामान नेलं. गादी, बादली, टेबल फॅन, लहान कुकर. निघताना भिंतीवर झाडू-पाणी-भांड्यांचं वेळापत्रक चिकटवलं, तिघांना तीन रंग. ही ढवळाढवळ नव्हे, शुभारंभ. शिवम म्हणाला, "काका, शाळेत आल्यासारखं वाटून राहिलं." कौतुक समजलो.
मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा मच्छरदाणी राहिल्याचं आठवलं. फोन केला नाही. फक्त दोन मेसेज.
अकोल्याला घराचं कुलूप मीच उघडलं. रमा गेल्यापासून निदान श्रेयस आत असायचा.

१६ जुलै, बुधवार
पियुष फोनवर म्हणाला, मेसच्या वरणात डाळ शोधावी लागते. श्रेयस म्हणाला, ठीक आहे. 'ठीक आहे' म्हणजे ठीक नाही.
उपाय सापडला. माझा जुना विद्यार्थी योगेश सकाळच्या अमरावती गाडीवर कंडक्टर आहे. सोमवारी आणि गुरुवारी डबा त्याच्याबरोबर जाईल, पोरं स्टँडवरून घेतील, संध्याकाळच्या फेरीला रिकामा डबा परत. योगेश म्हणाला, "सर, टेन्शन नका घेऊ, डब्याले खिडकीजवळची जागा देतो."
रमाच्या आजारपणात मी वरण-भातापर्यंत पोचलो होतो. आता पुढे जायचं.

१७ जुलै, गुरुवार
पहिला डबा. वांग्याची भाजी, श्रेयसच्या सर्वात आवडीची. भाकरी तीन, त्यातली एक गोल.
संध्याकाळी डबा परत आला तो जड. निम्मी भाजी तशीच. श्रेयसचा मेसेज: "बाबा मीठ 😂"
निष्कर्ष: सुधारणेला वाव आहे.

२८ जुलै, सोमवार
डबा पुन्हा जड. मेसेज: "बाबा हे वरण आहे की पिठलं? शिवमने पैज लावली आहे."
वरण होतं. कळवलं नाही. शेजारच्या ललितावहिनींकडे रीतसर शिकायचं ठरवलं. रमा आणि त्या वीस वर्षं एकमेकींच्या ओट्याशी उभ्या राहिल्या. रमाच्या हाताचं काही उरलं असेल तर ते त्यांच्यापाशी.

४ ऑगस्ट, सोमवार
ललितावहिनी कडक आहेत. आज म्हणाल्या, "रमाबाई खोबरं भाजून टाकत व्हत्या. तुमी कच्चंच टाकून राहिले. कॉलेजात काय शिकवता हो?" अर्थशास्त्र, असं सांगितलं. म्हणाल्या, "दिसते ते."
श्रेयसला फोन फक्त रविवारी करायचा असं ठरवलं. आज सोमवार आहे, पण काल लागला नव्हता.

१४ ऑगस्ट, गुरुवार
लिहून ठेवावा असा दिवस. पहाटे पातोडी केली. बेसन थापताना हात आपोआप चालला. रस्सा वहिनींना वाटीत दिला. त्यांनी एक बोट चाखलं, वाटी ओट्यावर ठेवली आणि पदर तोंडाला लावून घरी गेल्या. दारातून म्हणाल्या, "डिट्टो रमाबाई."
संध्याकाळी डबा रिकामा. स्वच्छ धुतलेला, झाकणाच्या खाचेतसुद्धा तेलाचा ओशटपणा नाही. घरी ज्याने कधी पेला विसळला नाही, त्याने. मेसेज आला नाही. फोन उचलला नाही.
निष्कर्ष: तक्रारीला जागाच उरली नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार
आता प्रत्येक डबा रिकामा येतो. जमलं.
श्रेयस बहुधा लायब्ररीत असतो, म्हणून डब्याचं पियुषच कळवतो. आज सांगितलं, भाकरी दोन जास्त पाठवा. निष्कर्ष: भूक वाढली. कठोरा नाक्याचं पाणी मानवलं.

४ सप्टेंबर, गुरुवार
पियुषचा मेसेज: "काका वांगं नको." आश्चर्य वाटलं. लहानपणी हा पोरगा वांग्याचे देठसुद्धा चोखायचा. नवीन जागेत आवडी बदलतात. मीच जुनाट.
व्हिडिओ कॉलवर गाल बसलेले वाटले. विचारलं नाही. हल्ली पोरं जिमला जातात.
दोन महिन्यांत एकदाही घरी आलेला नाही. पण डबा रिकामा येतो. आपल्या घरचं जेवतो आहे, म्हणजे एका अर्थाने घरीच आहे. हे वाक्य लिहून पुन्हा वाचलं. बरोबर वाटतं.

१७ सप्टेंबर, बुधवार
रमाचं वर्षश्राद्ध रविवारी. श्रेयसला सांगितलं. म्हणाला, सोमवारपासून टेस्ट आहेत. मी म्हणालो, अभ्यास आधी, तिलाही तेच आवडलं असतं. माझा आवाज अगदी नीट होता.
हे मी त्याच्यासाठी म्हणालो की त्याने नाही म्हटलेलं मला ऐकायचं नव्हतं म्हणून, हे तपासून पाहावं. आज नको.

२१ सप्टेंबर, रविवार
श्राद्ध झालं. गुरुजी म्हणाले, मुलगा? म्हटलं, परीक्षा. वहिनींनी वाढायला मदत केली. त्यांनी काही विचारलं नाही, त्यामुळे उत्तर देता आलं नाही.
उद्या योगेशची सुट्टी. डबा मीच नेतो. श्राद्धाचा विषय काढायचा नाही. दिवाळीला येशील ना, एवढंच विचारायचं.

२२ सप्टेंबर, सोमवार
पातोडी नेली. श्रेयस टेस्टला गेला होता. शिवम-पियुष खोलीत. डबा बघून शिवमने ताटं काढली. दोन. मी म्हणालो, तिसरं काढ, श्रेयस येईलच. शिवमने पियुषकडे पाहिलं.
पियुष म्हणाला, "काका, रागावू नका. तो खात नाही."
कधीपासून, विचारलं.
"पयले खाये. हसत हसत खाये. बाबाचं मीठ पाहा म्हने, आमालेबी द्याचा. मंग तुमी हे पाठवली व्हती ना, पातोडी. एक घास घेतला अन् गच्चीवर जाऊन बसला. आमी म्हटलं, काय झालं बे. तं म्हने, आईचीच हाये."
शिवम म्हणाला, "वाया जाऊ नये म्हनून आमी खातो. वांगं मलेच चालत नाही, काका." मग म्हणाला, "त्यानंच सांगितलं, बाबाले बोलू नका, ते लय खूश हायेत. डबा मात्र तोच धुते. आमाले हात लावू देत नाही."
मेसमध्ये जेवतो का, विचारलं. पियुष म्हणाला, "जेवते थोडंसं."
श्रेयस आला. म्हणाला, "बाबा, तुम्ही कसे काय?" मग ताटं पाहिली. मी बाथरूमचा नळ गळतो आहे असं म्हणालो. तो म्हणाला, हो, सुभद्राकाकूंना सांगतो. नळाचंच बोलणं बराच वेळ चाललं. माझं वेळापत्रक भिंतीवर अजून आहे, एक कोपरा सुटलेला.
स्टँडवर सोडायला आला. डबा धुऊन पिशवीत घालून दिला. गाडी हलेपर्यंत उभा होता. दिवाळीचं राहिलं.

२४ सप्टेंबर, बुधवार
डबा बंद करावा का? बंद केला तर त्याला वाटेल मी रागावलो. चालू ठेवला तर कुणासाठी? आणि इतके दिवस मी तो कुणासाठी करत होतो? चव बरोबर जमली की पातेल्याशी उभा राहून मी दोन-तीनदा चाखायचो. ते मीठ बघायला नव्हतं.
उद्या वहिनींना विचारायचं नाही. माझ्या हाताने होईल ते करायचं.

२५ सप्टेंबर, गुरुवार
वांग्याची भाजी केली. खोबरं नाही, काही नाही. पाठवली.
संध्याकाळी स्टँडवर योगेशने डबा खाली दिला. म्हणाला, "सर, आज जड हाय."
घरी येऊन उघडला. धुतलेला नव्हता. दोन भाकरी तशाच. तिसरी तुकडा मोडून ठेवलेली. भाजी एका बाजूने खाल्लेली. शिवम वांगं खात नाही. पियुषचं मला माहीत नाही.
मेसेज नाही. दोनदा पाहिलं.
उरलेली भाजी मी ओट्याशी उभ्याने खाल्ली. मीठ फार होतं.
निष्कर्ष लिहीत नाही.