सौदा मोडला ते चार दिवस

आई, तुझ्या पंधरवड्यापायी माझ्या घराचा सौदा मोडला, हे पहिले ऐकून घे. पंडरीच्या कापडबाजारातला साडीवाला आमचं घर घ्यायले पक्का होता. गणपती बसले होते तेव्हाच म्हणे, विसर्जन झालं की सोमवारी रजिस्ट्री करून टाकू, "बहनजी, हम दिन-विन नहीं मानते." अन् मी शहाणी! मी त्याले म्हटलं, भैया, आमच्यात पितरांच्या दिवसांत घराचा कागद होत नाही, नवरात्र लागू द्या. मेलेल्याले वाईट वाटू नये म्हणून जित्या माणसाले थांबवलं. तो हव, हव म्हणाला, अन् थांबल्या थांबल्या त्याले बाजाराच्या मागेच दुसरी जागा भेटली, खाली दुकान, वर राहायचं. पितृपक्षातल्या तृतीयेले दलालाचा फोन आला, "दीदी, पार्टी बैठ गई." बैठ गई म्हणे. जशी काही म्हैस आहे.

तू हे घर पाहिलं नाही, तू गेल्यावर आम्ही घेतलं. तात्यापारा मोहल्ल्यात दुकानांच्या वर दोन खोल्या, बावीस पायऱ्या, जिना असा उभा की सिलेंडरवाला दर वेळी शिव्या घालते. तेव्हा आमचे पाय चालत होते, कोणाले पायऱ्या मोजायची गरज होती. मागच्या साली तुझ्या जावयाले लकवा मारला. दवाखान्यातून आणलं तेव्हा खालच्या दुकानदारांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी वर चढवलं, तेव्हापासून तो माणूस दोनदा खाली उतरला आहे, दोन्ही वेळा दवाखान्यासाठी. गॅलरीत बसते अन् वरून लोकांच्या टाळू पाहते. कुरकुर नाही करत. करता तर मी भांडली असती, मले भांडण जमते. तो फक्त विचारते, "आज खाली भाजी काय आली होती?" जसं खाली म्हणजे दुसरं गाव आहे.

म्हणून ब्राह्मणपाऱ्यातलं एका मास्तरीणबाईचं घर पाहिलं. दोन खोल्या, मागे नळाचं आंगण, दाराले एकच पायरी. मी घरी येऊन सांगतलं तर त्यानं तोंड वाकडं करत, जसं आता बोलते तसं, दोनदा विचारलं, "खरंच एकच?" मास्तरीणबाई रिटायर आहे, एकटी आहे, दुर्ग गावाले बहिणीजवळ जायचं आहे तिले. बहिणीच्या बिल्डिंगमध्ये खालचा फ्लॅट निघाला, त्याच्या मालकाले तिनं नवरात्राचा शब्द दिला. म्हणजे साडीवाल्याचा पैसा मले, माझा मास्तरीणबाईले, तिचा दुर्गवाल्याले. एकाले एक डबे जोडल्यासारखं. बाबा असते तर म्हणाले असते, इंजिनच निघून गेलं, आता शिट्टी कोण वाजवणार.

दलालाचा फोन आला त्याच दिवशी जाऊन तिले सांगायले पाहिजे होतं. दलाल म्हणे, "दीदी, अभी चुप रहो. मास्टरनी के घर के पीछे एक और ग्राहक घूम रहा है. बताया कि गया हाथ से. मैं आपके लिए दूसरी पार्टी लाता हूँ." पोट्टीले विचारलं तर तीही हिंदीतच, तुझी नात मराठी समजते पण तोंडातून काढत नाही, म्हणते, "मम्मी, झूठ थोड़ी बोलना है, बस बोलना नहीं है." मले ते बरं वाटलं. खरंच, खोटं कुठं बोलायचं आहे. चूप तर बसायचं आहे.

पंचमीले मास्तरीणबाई स्वतः माझ्या दुकानात आली. दुकान म्हणजे काय, पंडरीच्या गल्लीत एका ओट्यावर माझी पिको-फॉलची मशीन आहे अन् वर ताडपत्री. तिच्या हातात मोजायची टेप. म्हणे, "माझं स्वयंपाकघरातलं लाकडी कपाट दुर्गला नेऊन काय करू? तुला ठेवून जाऊ का? मिस्टरांच्या औषधांना होईल." मी म्हटलं, ठेवा. मग ती स्टुलावर बसली, पाणी प्यायली अन् सहज सांगते, "अगं, काल एक गृहस्थ आले होते घर बघायला. पैसे तयार होते त्यांचे. मी म्हटलं, माफ करा, मी शब्द दिलाय. हळहळत गेले बिचारे. राजेंद्रनगरकडे दुसरं बघतायत म्हणाले." आई, मी मशीन थांबवली नाही. साडी हिरवी होती, काठ सरळ होता, मी शेवटपर्यंत पिको मारत गेली. तोंड उघडायले किती वेळ लागते? तिनं त्या माणसाले तेव्हाच फोन केला असता तर तिचं काम झालं असतं. मी म्हटलं, "चहा घेता का बाई?"

तू असती तर काय केलं असतं, हे मले माहीत आहे, अन् म्हणूनच तुझा राग येऊन राहिला. मी नऊ वर्षांची असताना रेल्वे क्वार्टरच्या त्या धुराच्या स्वयंपाकघरात गिऱ्हाईकाच्या ब्लाऊजवर इस्त्री ठेवून विसरली होती. पाठीवर बरोबर इस्त्रीच्या आकाराचा डाग. मी तो घडीत लपवला. तू घडी उघडली, माझ्याकडे पाहिलं, चुलीवरची भाजी उतरवून ठेवली अन् मले हाताले धरून तशीच नेलं. त्या बाईच्या दारात तू मले पुढं ढकललं अन् म्हटलं, "सांग." तिच्या घरी दोन दिवसांवर लग्न होतं. ती लई बोलली, तू ऐकून घेतलं. परत येताना तू म्हणाली, आज सांगतलं म्हणून ती दुसरा कपडा घेऊ शकते, परवा सांगतलं असतं तर काय कामाचं. बस इतकंच, मारलं पण नाही.

अन् तीच तू. त्याच साली शाळा उघडली अन् तू म्हणाली, यंदा काम जास्त आहे, दिवाळीनंतर जाशील. दिवाळी झाली तर म्हणाली, संक्रांत होऊ दे. दप्तर खिळ्याले लटकून होतं, मी रोज त्याच्यावरची धूळ झटकत होती, पाढे म्हणत काजं-बटन करत होती. होळीच्या आधी मी एकटीच शाळेत गेली. गुरुजी रजिस्टर पाहून म्हणाले, "तुझी आई तर आषाढातच नाव काढून गेली ना पोरी." आषाढातच! मी घरी येऊन तुले विचारलं, तेव्हा तू पोळ्या लाटून राहिली होती. तू वर पाहिलं नाही. "हात चालव, तोंड नको," म्हणाली. संध्याकाळी गोलबाजारातून माझ्यासाठी नवी कात्री आणली, लाल कागदात गुंडाळून. चांगली कात्री होती, मी अजून धार लावून वापरते. पण कात्री मागितली कोणी होती? गिऱ्हाईकाले तू त्याच दिवशी खरं सांगत होती अन् पोटच्या पोरीले आठ महिने झुलवलं. तेव्हाच सांगती तर मी रडली असती, चार दिवस जेवली नसती, अन् मग दप्तर उतरवून ठेवलं असतं.

आज सप्तमी. सकाळी मी ब्राह्मणपाऱ्यात गेली. नवऱ्याले काही सांगतलं नाही, मीठ आणायले चालली म्हटलं. मास्तरीणबाईचं अर्धं सामान बांधून झालं आहे, भांड्यांवर चादरी, भिंतीवर फोटोंच्या जागी पांढरे चौकोन. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "बाई, माझं गिऱ्हाईक पळालं. माझ्याजवळ आता तुम्हाले द्यायले काही नाही. तुम्ही दुसरं पाहा." ती एका गाठोड्यावर बसली. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. म्हणे, "कधी कळलं तुला?"

अन् मी म्हटलं, "काल संध्याकाळी."

कोणी शिकवलं नव्हतं मले हे. दलालानं नाही, पोट्टीनं नाही. जिभेवर तयार होतं. मास्तरीणबाई म्हणे, "दुसरी कोणी असती तर दसऱ्यापर्यंत झुलवत ठेवलं असतं मला. तू एका रात्रीत आलीस." माझ्यासमोरच बहिणीले फोन लावला, "अगं, अडचण आली आहे, पण बाई खरी आहे. फ्लॅटवाल्यांना दसऱ्यापर्यंत थांबायला सांग, हात जोड त्यांना." मग मले म्हणे, "तुला दसऱ्यापर्यंत देते. तोवर गिऱ्हाईक आण. त्या गृहस्थांनी म्हणे परवाच दुसरं घर घेतलं, नाहीतर..." परवा म्हणजे पंचमी. ती माझ्या स्टुलावर बसून पाणी पिऊन राहिली होती तो दिवस. निघताना तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. मले तो हात झटकून टाकावासा वाटला.

आता बोल. मी जाऊन सांगतलं की बाई, काल नाही, चार दिवस झाले, तुम्ही टेप घेऊन आल्या तेव्हा मले माहीत होतं, तर ती दसऱ्यापर्यंत काहून थांबेल? उद्याच दुसरा दलाल लावेल, अन् लावावाच. मग हा माणूस गॅलरीतच म्हातारा होईल. नाही सांगतलं तर ती माझ्या भरोशावर बांधलेल्या गाठोड्यांत बसून राहील, अन् दसऱ्याले माझ्याजवळ गिऱ्हाईक नसलं तर तिचा दुर्गचा फ्लॅटही जाईल. दलाल म्हणते आणतो, आणतो. त्याचं आणतो मी ओळखते.

आज घरी आली तर हा विचारते, "मीठ?" मीठ आणलंच नव्हतं. तो म्हणते, "तिथल्या एका पायरीले कठडा लावून घेऊ, मी एकटा उतरीन." मी आत येऊन हे लिहायले बसली. पाठवायचं कुठं, मशीनच्या खणात बॉबिनींच्या खाली राहील.

परवा अविधवा नवमी, तुझा दिवस. भात, कढी, वडे, सगळं करीन, तुले आवडत होती ती चवळीची उसळ पण. तोवर तू मले उत्तर दे. मले समजते की ही मुदत मी तुले नाही, मलेच देऊन राहिली आहे, अजून दोन दिवस चूप बसायले. तरी देते. आषाढातच नाव काढलं ते मले तेव्हाच काहून नाही सांगतलं, ते सांग. अन् मी मास्तरीणबाईकडे परत जाऊ का नको, ते सांग. नवमीले तुझं पान वाढायच्या आधी सांग.