राबाचा निरोप

७ एप्रिल, मंगळ.
बिरवाडीची खोली सोडली. एमआयडीसीतलं तिसरं काम, दीड महिना टिकलं. घरी आलो तर आईने काय विचारलं नाय, चहा टाकला.
दुपारी तिला घेऊन समाजमंदिरात. आरोग्य केंद्राच्या आशाताई दर मंगळवारी वाडीतल्या पाच दमेकऱ्यांना बसवतात. रिकाम्या पंपावर शिकवलं, श्वास पूर्ण सोडा, मग दाबत हळू ओढा, धरून ठेवा. आई फवारा मारते आणि लगेच बोलायला लागते.
"काकी, औषध जिभेला नको, छातीला हवं."
धोंडूकाका, पाचांतलेच, खोकत हसले, "ती गप बसली तर वाडी ओस पडेल."

९, गुरू.
राब भाजायचे दिवस. शेण, पालापाचोळा पेटवला की धूर वाडीतून हलत नाय. गेल्या साली आईला पोलादपूरच्या दवाखान्यात वाफ द्यायला नेलेली. भाताचं रोप करायचं तर राब कोण बंद करणार. ताईंनी तोड काढली. ज्याचा राब, त्याने आदल्या दिवशी सांगायचं. मी पाच घरी निरोप द्यायचा. ती माणसं सकाळीच खालच्या शाळेत जाऊन बसणार.
"गाडी हाय, काम नाय. तूच कर," ताई म्हणाल्या.
बरं वाटलं. बऱ्याच दिवसांत कोणी काय सोपवलं नव्हतं.

११, शनि.
पहिला निरोप. पाची घरं केली. काका शाळेत पत्ते घेऊन गेले. संध्याकाळी आई चढ चढून आली, मध्ये दोनदाच बसली.

१३, सोम.
शेजारचा अण्णा म्हणाला, उद्या माझा राब, सगळ्यांना सांग. गाडी काढली तेवढ्यात दोस्ताचा फोन, वीर स्टेशनला सोड. सोडलं. येताना नदीत कोणी जाळं टाकलेलं, बघत बसलो. मासे काय लागत नव्हते, तरी. घरी आलो तर आई झोपलेली. म्हटलं सकाळी लवकर...

१४, मंगळ.
उठायच्या आधीच धूर. आई गोठ्यात खांब धरून बसलेली, खांदे वर. शब्द निघेना. पंप दिला, दम उतरेना. अण्णाच राब अर्धा विझवून टेम्पो घेऊन आला. पोलादपूर. वाफ दोनदा.
ताई दवाखान्यात आल्या. बाकी चौघं ओढ्यापलीकडे पळाली म्हणे. विचारलं, निरोप कुठं अडला?
अण्णा माझ्याकडे बघून, "ह्याला सांगितलेलं."
आई खाटेवरून, तुटक तुटक, "मला सांगितलंन त्यानं. बाकीच्यांकडे मी जाणार होते. विसरले गो ताई."
मी बाटलीत पाणी भरायला बाहेर गेलो.

१८, शनि.
आई घरी. काका येऊन बोलून गेले, "सगळ्या जगाच्या गोष्टी लक्षात, आमचा जीव तेवढा विसरलीस." ती हसली. हसताना छातीत शिट्टी वाजते.
अण्णा म्हणतो, यापुढं कोणाला सांगणार नाय, सांगून उपयोग काय.
आईला विचारलं, असं का बोललीस.
"तू परत पळशील म्हणून."

२१, मंगळ.
बैठक. अण्णा दाराशी उभा. ताई म्हणाल्या, निरोप काकींकडे नको परत. आई पंप हलवत होती, माझ्याकडे बघत नव्हती. मी उठलो. सगळ्यांना वाटलं पाणी प्यायला.
म्हटलं, सोमवारी मी कोणाकडेच गेलो नव्हतो. आईला पण सांगितलं नव्हतं.
काका खोकले. अण्णा बाहेर जाऊन चपला घालायला लागला. मागोमाग गेलो. विचारलं, उरलेला राब कधी?
"तुला सांगू?"
म्हणाला, पण गेला नाय. उभाच होता.