भट्टीतली राहिलेली चाळीस मिनिटं

३ नोव्हेंबर

चिमणे,

खुशाल असशील. आम्हीही बरे आहोत. तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो आणि आई माझ्यावर, म्हणजे सगळं ठीक चाललंय. कारखान्याचं छप्पर एकदाचं बदललं. नवं मशीन आवाजच करत नाही, त्यामुळे कामगार माझ्याबद्दल काय बोलतात ते सगळं ऐकू येतं!

काल आई म्हणाली, धातू तपासायच्या प्रयोगशाळेतली ती नोकरी तू नाकारणार आहेस. सोमवारपर्यंत कळवायचंय म्हणे. तिनं कारण विचारलं तर म्हणालीस, "माझ्या हातून माल बिघडतो."

मी तीस वर्षं स्प्रिंगा वळल्या, पण पोलादाच्या पोटात काय चालतं ते तू शिकवलंस. कागदावर ठिपक्यांच्या रांगा काढल्या होत्यास. "बाबा, हे कण एकमेकांना धरून असतात. ओढले की जरा लांबतात, सोडले की जागेवर येतात. फार ओढलं तर रांगच सरकते, मग स्प्रिंग वाकडीच राहते." लाल तापवून तेलात बुडवलं की या रांगा आखडतात, पोलाद कडक होतं पण ठिसूळही, म्हणून पुन्हा मंद आचेच्या भट्टीत तासभर ठेवायचं. तू गजर लावायचीस. मी म्हणायचो, "आली मोठी मास्तरीण!"

खाटांच्या त्या दोनशे स्प्रिंगा तुटून परत आल्या, तेव्हा सगळ्यांसमोर मी तुला नाही नाही ते बोललो. तुझं आचेचं नि वेळेचं गणित चुकलं म्हणालो. तू एप्रन काढून ठेवलास आणि कारखाना सोडून गेलीस.

तुझं गणित बरोबर होतं. तो माल भट्टीत होता तेव्हा तू जेवायला गेली होतीस, बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, आणि मी वीस मिनिटांतच माल बाहेर काढला, तो ठिसूळच राहिला. हे मला त्याच दिवशी ठाऊक होतं. चार वर्षं तोंडाला कुलूप लावून बसलो. लेकीपुढे चुकलो म्हणायची लाज वाटली.

आज दुपारी सगळ्यांना बोलावून खरं सांगितलं. म्हातारा मिस्त्री म्हणाला, "आम्हाला वाटलंच होतं, साहेब. पण तिला सांगितलंत का?"

म्हणून हे पत्र. शनिवारी पोचेल अशा बेतानं पाठवतोय. पोरी, माफ कर. मला उत्तर नाही दिलंस तरी चालेल. प्रयोगशाळेला मात्र होकार कळव.

तुझा अपराधी,
बाबा