निवडलेले वाल

४ ऑगस्ट, सोमवार, दुपारी ३
आजपासून रोज लिहायचं. चौथी सुटल्यापासून पेन धरलं ते सहीपुरतं. पण आता कारण हाय. नातीच्या, समृद्धीच्या नववीच्या वर्गाला माझे वाल पायजेत. अंकिता मॅडम आयसोटोप शिकवणार. पोरीने हात वर करून सांगितलं, आमच्या आजीकडे कोन गावच्या शेतातले वाल आहेत. प्रयोग जमला तर समृद्धी विज्ञान प्रदर्शनाला जाणार. म्हणजे तसं बघितलं तर मीच जाणार. शेजारच्या कुमुदला लिफ्टमध्ये सांगितलं. लिफ्टमध्ये ती पळू शकत नाय.

५ ऑगस्ट, मंगळवार
समृद्धीने समजावलं. मूलद्रव्य एक, पण त्याचे काही अणू जड, काही हलके. स्वभाव तोच. म्हटलं, एवढंच ना, आपल्या घरातल्या बायका. आडनाव एक, वजन वेगळं. सून मनिषा आतून म्हणाली, आई, मी ऐकतेय.
मग सरासरी. वाल म्हणजेच अणू समजायचे. कुठले वाल शंभरात किती, एकेकाचं वजन किती, सगळं धरून एक आकडा. म्हटलं, त्या वजनाचा वाल दाखव. ती म्हणे, तसा एकही वाल नसेल कदाचित, आजी. मला पटलं नाय. आजकालच्या पोरी शोधतच नाहीत. मनिषाचा किचनमधला काटा घेऊन संध्याकाळी चार ते सहा बसले. एका वालाला काटा शून्य दाखवतो. तरी आशा हाय.

६ ऑगस्ट, बुधवार
मॅडमने बारके-मोठे जसे असतील तसे आणायला सांगितलेत म्हणे. त्यांना काय ठाऊक. आमी कोन गावात लग्नघरी वाल दिले तरी आधी सुपात घोळून देतो. चाळीस पोरांसमोर बारका वाल गेला तर सासू फोटोतून खाली उतरेल. टपोरे, एकसारखे दोन किलो निवडून पिशवीत बांधले. समृद्धी क्लासला होती, तिला दाखवायचं राहिलं.
बारके सकाळीच भिजत घातले. श्रावण हाय, बिरडं होईल.
मॅडम शाबासकी द्यायला बोलावतीलच. जांभळी साडी इस्त्रीला दिली.

७ ऑगस्ट, गुरुवार
बोलावलं. पण जरा वेगळ्या कारणाने.
आठ गटांनी वजन केलं, आठांचं उत्तर तेच. मॅडम म्हणाल्या, एकाच आयसोटोपचं मूलद्रव्यही असतं, पण आजचा धडा तो नव्हता. समृद्धीने घरी येऊन हे सांगितलं. मग म्हणाली, उद्या बारके घेऊन तूच चल, मॅडम अजून एक चान्स देतायत, प्रदर्शनाचं नाव उद्याच ठरणार.
बारके फडक्यात बांधलेले. मोड आलेत. छान आलेत.
मी घाबरत नाय. मोड खुडले आणि मनिषाच्या हेअर ड्रायरने वाल सुकवले. वरून एकदम कोरडे. कोणाला कळायचं नाय.

८ ऑगस्ट, शुक्रवार
जांभळी साडी नेसून गेले. मॅडमने खुर्ची दिली, पाणी दिलं. शार्दूल नावाच्या पोराने काट्यावर वाल ठेवले. बारका वाल टपोऱ्यापेक्षा जड भरला. शार्दूलने विचारलं, मॅडम, अणू पाणी पितात का. मी सांगितलं, कोनचे पितात. सगळा वर्ग हसला. समृद्धी बाकाकडे बघत होती.
नाव शार्दूलचं लागलं. त्याने घरातला राजमा आणला होता, न निवडता.
रिक्षात म्हटलं, चूक माझी हाय गं. ती म्हणाली, माहितीये. रिक्षा करंजाड्याला, आमच्या बिल्डिंगखाली थांबली. उतरताना माझ्या हातातली पिशवी तिने घेतली.

११ ऑगस्ट, सोमवार
टपोरेही शनिवारी भिजवले, बारके फ्रीजमध्ये होते. आज बारके-टपोरे एकत्र बिरडं. चव एकच, स्वभाव तोच. म्हणजे प्रयोग तसा जमला. मनिषाने दोनदा घेतलं.
समृद्धी खेळायला गेली तेव्हा तिची प्रयोगवही उघडली. आकडे, तक्ते, सगळं नीटनेटकं. शेवटचा रकाना, चूक होण्याचं संभाव्य कारण. त्यात एकच शब्द. आजी.
खाली जाताना लिफ्टमध्ये कुमुद. आज तिने मला गाठलं, काय झालं म्हणे शाळेत. म्हटलं, पोरीच्या वहीत माझं नाव आलंय, मॅडमचीही सही हाय खाली.
रकाना सांगितला नाय.