हाफ टाइमची वाट

एल्मरॉइड,
दि. १२ ऑक्टोबर १९८६

चि. एडना हिस, विल्फदादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पावलं. मी बरा आहे. उजवा खांदा थंडी पडली की कुरकुरतो, पण गोलकीपरचा खांदा म्हातारपणी कुरकुरायचाच. परसातल्या कोबीवर यंदा अळ्यांनी माझ्या आधी पंगत झोडली.

पत्राचं खरं कारण वेगळंच आहे. पंधरा नोव्हेंबरला तुमचा कारबेक संघ आमच्याकडे खेळायला येतोय, आणि यंदा मैदानाला लोखंडी कुंपण पडणार आहे. गेल्या ईस्टरच्या सामन्यात शहराकडून आगगाडीने आलेल्या त्या टोळक्याने बाटल्या फेकल्या आणि चहाच्या टपरीची काच फोडली, आठवतं ना? त्यांतल्या एकालाही ना आमच्या संघाचं नाव ठाऊक होतं ना तुमच्या. टीव्हीवर मोठ्या क्लबांच्या मारामाऱ्या बघून आपल्या गल्लीत वाघ व्हायला आले होते. पण पोलिसांनी आता बजावलंय की दोन्ही गावांचे लोक वेगळे ठेवा, नाहीतर सामना विसरा. म्हणजे टपरीपाशी आडवं कुंपण, इकडे आम्ही, तिकडे तुम्ही. हाफ टाइमला लोकांनी मैदानाची टोकं बदलणं बंद.

कमिटीत विरोधात हात वर करणारा मी एकटा. तोही खांद्यामुळे अर्धाच वर गेला, मोजला की नाही कोण जाणे. वर शिक्षा म्हणून कुंपणाच्या दाराशी पहाऱ्याला मलाच उभं केलंय. नारिंगी जाकीट मिळणार आहे.

आपल्या वडिलांचा हात धरून मी पहिल्यांदा ती वाट चाललो, तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता. हाफ टाइमची शिट्टी वाजली की बाजू बदलणाऱ्या आपापल्या संघाच्या मागे जायला दोन्ही गावं उठायची, आणि कठड्याजवळच्या त्या अरुंद वाटेवर एकमेकांच्या अंगावरून जायची. काय एकेक टोमणे असायचे. कारबेकचा खाटीक वडिलांना म्हणायचा की तुमच्या गोलकीपरला पगारात झोपेच्या गोळ्या देता का, आणि वडील म्हणायचे की तुझ्या सॉसेजपेक्षा त्याच्यात मांस जास्त आहे. सोमवारी त्याच खाटकाकडून आपल्याकडे मटण यायचं. फार आठवण येते ग त्या दिवसांची.

तुझ्या नवऱ्याला सांग की यंदा माझं तोंड बघावं लागणार नाही.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझा,
विल्फदादा

कारबेक,
दि. १८ ऑक्टोबर १९८६

ती. विल्फदादास, एडनाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र होरेसला वाचून दाखवलं. तो म्हणाला की विल्फला नारिंगी जाकीट शोभेल, निदान या खेपेला चेंडूला तरी तो दिसेल. मग खोकला आला आणि पुढचं बोलणं राहिलं.

दादा, आज मी थट्टा करायला बसलेली नाही. एकोणीसशे एकोणसाठमध्ये होरेसने तुझ्यावर गोल मारला. तू म्हणतोस चेंडू त्याच्या हाताला लागला, तो म्हणतो खांद्याला. हात लागला असं तो कबूल करीपर्यंत त्याच्या घराचा उंबरा ओलांडणार नाही, अशी तू शपथ घेतलीस, आणि हा म्हणाला की मग फाटकात उभा राहून वाळून जा. मी तेव्हा नवी नवरी होते. वाटलं होतं, नाताळपर्यंत निवळेल. कसलं निवळतंय. आई गेली तेव्हासुद्धा तुम्ही दोघं चर्चच्या दोन टोकांना उभे होता, जणू तिथेही कुणी कुंपण घातलं होतं.

उरलं काय, तर वर्षातून दोन सामने आणि हाफ टाइमची ती वाट. तू त्याला एक टोमणा मारायचास, तो तुला एक मारायचा, आणि मी मध्ये उभी राहून तुझ्या हातात पार्किनचा, आपल्या आल्याच्या केकचा, डबा द्यायची. त्या दोन वाक्यांवर माझं माहेर आणि सासर इतकी वर्षं एकमेकांना धरून आहेत. आता तेवढंही नाही.

सांगू नकोस म्हणून होरेसने बजावलंय, पण मी सांगणार. खाणीतल्या धुळीने त्याची छाती भरलीय. पुढचा हिवाळा त्याला दिसेल असं डॉक्टरांना वाटत नाही. आणि हा गृहस्थ रोज दुपारी चॅपलच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येतो, मध्ये चारदा भिंतीला टेकून. कशासाठी, विचारलं तर म्हणाला की हाफ टाइमला त्या टोकापर्यंत चालायला दम पाहिजे, विल्फसाठी एक चांगलं वाक्य तयार करून ठेवलंय. तुझं पत्र ऐकूनही त्याने चालणं सोडलेलं नाही. कुंपणाचं त्याच्या डोक्यात शिरतच नाही.

तू मोठा आहेस. काय करायचं ते तू बघ.

माझ्यावर आहे तेवढीच माया त्याच्यावरही कर, हे मागणं.
तुझी,
एडना

एल्मरॉइड,
दि. १६ नोव्हेंबर १९८६

चि. एडना हिस, अनेक आशीर्वाद, वि. वि.

काल तू कुंपणाच्या पलीकडे होतीस, म्हणून अलीकडून काय दिसलं ते लिहितो.

शिट्टी वाजली आणि आमची सगळी माणसं उठून चालायला लागली. कुणी ठरवलं नव्हतं, पायांनाच सवय. कुंपणापाशी येऊन थबकली. तिकडून तुमचीही आली. एवढा जमाव समोरासमोर, मध्ये फक्त गज. तो तरुण पोलीस घाबरून शिट्टी तोंडात धरून उभा होता. त्याला वाटलं आता दंगल होणार. दंगल कसली, लोक ओशाळले होते. लोखंडाच्या गजांतून टोमणा मारला की तो शिवीसारखा लागतो, हे मला काल कळलं.

तू डबा गजांतून पुढे केलास तर त्या पोलिसाने तो मध्येच घेतला. फेकायची वस्तू आहे का ते बघायला उघडून वास घेतला, आणि मग एक तुकडा खाल्ला. तुझं पार्किन खरंच फेकण्यासारखं नसतं, हे सरकारदरबारी सिद्ध झालं.

होरेस सगळ्यांच्या पुढे होता. गज धरून उभा. मला वाटलं आता वाक्य येणार, मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्याने तोंड उघडलं, पण दमच नव्हता. गज काही सोडेना. आणि मला त्या जाकिटामुळे म्हणावं लागलं की मागे व्हा. इतक्या वर्षांत टोमण्यावाचून त्याच्याशी बोललेले हे माझे पहिले शब्द. तो मुकाट्याने मागे झाला. एडना, तो माझं ऐकेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. फार वाईट वाटलं.

रात्रभर विचार केला. ती वाट गेली म्हणून महिनाभर मी गळे काढतोय. पण त्या वाटेमुळेच आमचं फावलं. वर्षातून दोनदा भेट होत होती, म्हणून कुणाला कुणाचं दार ठोठावावं लागलं नाही. तेवढंच गोड मानून आम्ही भांडण जपलं.

बुधवारी दुपारी तू चॅपल झाडायला जातेस ना? तेव्हा येतो. तू घरी नसलेलीच बरी, नाहीतर तुला पंच व्हावं लागेल. दार उघडलं नाही तर पुढची बस पकडेन. त्याला आधी सांगू नकोस.

आशीर्वाद देतो आणि तुझ्याकडूनही थोडे मागतो.
तुझा,
विल्फदादा

कारबेक,
दि. २० नोव्हेंबर १९८६

ती. दादास, एडनाचा शि. सा. न. वि. वि.

काल संध्याकाळी घरी आले तर किटली कोमट, स्वयंपाकघरातल्या दोन्ही खुर्च्या शेगडीपाशी ओढलेल्या आणि तुझ्या पाइपाचा वास. होरेसला विचारलं कोण आलं होतं, तर म्हणाला गॅसवाला. मी म्हटलं, गॅसवाले हल्ली पाइप ओढतात वाटतं. तर वर्तमानपत्रामागे तोंड लपवलं. रात्री ताटातलं सगळं जेवला. कित्येक महिन्यांत असं जेवला नव्हता.

बाकीचं शेजारच्या मिसेस ओलरेनशॉकडून कळलं. ती खिडकीचा पडदा बाजूला करायला कधीच कंटाळत नाही. म्हणाली, एल्मरॉइडच्या रंगाचा मफलर घातलेला एक म्हातारा फाटकात इतका वेळ उभा होता की पोलिसाला बोलवावं असं तिच्या मनात आलं. मग होरेसने खिडकीतून ओरडून सांगितलं की असाच उभा राहशील तर न्यूमोनियाने मरशील, आणि त्याचं खापरही कारबेकवरच फोडशील. तेव्हा म्हणे तो म्हातारा घराला वळसा घालून, कोळशाच्या बोळातून, मागच्या दाराने आत शिरला.

दादा, किती रे तू हट्टी. शपथ पुढच्या उंबऱ्याची होती म्हणून मागच्या दाराने गेलास, होय ना? हसावं की रडावं मला कळेना, म्हणून दोन्ही केलं.

आज सकाळपासून होरेस कागद पुढ्यात घेऊन बसलाय. लग्नानंतर त्याने मलाही पत्र लिहिलेलं नाही. काय लिहितोय ते मी बघितलेलं नाही, याच पाकिटात घालते.

तुझी माया पावली, अशीच येऊ दे.
तुझी,
एडना

कारबेक,
गुरुवार

रा. रा. विल्फ यांस, होरेसचा स. न. वि. वि.

पत्र लिहायची मला सवय नाही, तेव्हा थोडक्यात.

चेंडू खांद्यालाच लागला होता. हे मी मरेपर्यंत म्हणणार, आणि त्याला आता फार दिवस नाहीत, म्हणून तेवढं तू सोसून घे. काल तू अर्धाच चहा पिऊन बस गाठायला पळालास. भांडण अर्ध्यावर राहिलं. मला आता मैदानापर्यंत यायला जमणार नाही, म्हणून उरलेलं इथेच संपवू. शेगडी पेटलेली असते.

बुधवारी ये. पण मागच्या बोळातून नको. तिथे कोळशावर पाय घसरून पडलास तर एडना मला जिवंत ठेवणार नाही. पुढच्या दाराने ये. कडी काढून ठेवतो, ठोठावू नकोस, ढकल. मला उठून यायला आता वेळ लागतो.

कळावे. लोभ असो वा नसो, ये.
होरेस